बैल वाढले, आस तोच!

"भाऊ, इंजिन खोलाचं कामच नाई. लॅपटॉप लावतो, अर्ध्या घंट्यात वीस घोडे वाढवून देतो!"

पानठेल्यापासून लग्नाच्या मांडवापर्यंत हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की आता एकदाचं लिहूनच टाकतो. मंडळी, हा सौदा घाट्याचा आहे. आणि 'इंजिन खोलायचं काम नाही' हीच त्यातली खोट आहे.

लॅपटॉप लावून होतं काय? टर्बो जास्त दाबाने हवा कोंबतो, इंजेक्टर जास्त डिझेल सोडतात. सिलिंडर तेवढेच. म्हणजे टॉर्क वीस टक्के वाढला, तर पिस्टनवरचा सरासरी दाबही साधारण तेवढाच वाढला. तो सोसायचा कोणी? पिस्टन, कनेक्टिंग रॉड, बेअरिंग, हेड गॅस्केट, क्लच... सगळे जुनेच! बंडीवर दुप्पट ओझं लादलं, दोनाच्या जागी चार बैल जुंपले आणि आस मात्र तोच ठेवला, तर काय होईल हे वऱ्हाडातल्या माणसाला समजावून सांगायला नको.

आपली लाडकी स्विफ्ट डिझेल घ्या. फियाटचं १२४८ सीसीचं इंजिन, ताकद ७५ पीएस. त्याच क्षमतेचं इंजिन मारुतीने २०११ मध्ये एसएक्स४ मध्ये ९० पीएसचं करून दिलं. पण त्यासाठी टर्बोच वेगळा, व्हेरिएबल जॉमेट्रीचा बसवला. ज्या पंधरा घोड्यांसाठी कंपनीला टर्बो बदलावा लागला, ते आपला गडी अर्ध्या घंट्यात फुकट देतो म्हणे! शिवाय एप्रिल २०२० पासून मारुतीने डिझेल गाड्याच बंद केल्या. म्हणजे आज रस्त्यावरचं असं प्रत्येक इंजिन काही वर्षं झिजलेलं आहे.

यावर ठरलेलं उत्तर: "कंपनी मुद्दाम ताकद दाबून ठेवते." ठेवतेच! पण ती ठेव आहे, वाया गेलेला माल नव्हे. भेसळीचं डिझेल, लांबलेला ऑइल चेंज, सहा माणसं आणि टपावर सामान, लाखभर किलोमीटरची झीज, आणि आपलं ऊन, हे सगळं त्या ठेवीतूनच भागतं.

उन्हाचं तर बोलायलाच नको. मे २०२४ मध्ये पारा ४५ अंशांच्या वर गेला आणि अकोल्यात जमावबंदी लावावी लागली. इंटरकूलर बाहेरच्याच हवेने थंड करतो. बाहेरचीच हवा भट्टीसारखी असेल तर तो करणार काय? पंचविसाऐवजी पंचेचाळीस अंशांची हवा साधारण सहा टक्के विरळ असते. तोच दाब द्यायला टर्बोला जास्त पळावं लागतं, डिझेलला हवा कमी पडते, धूर वाढतो आणि एक्झॉस्ट आणखी तापतो. ती फाईल बनवणाऱ्याने अकोल्याच्या मे महिन्यात तपासलीय का, एवढं तरी विचारा.

दुसरं उत्तर: "मित्राच्या गाडीला दोन वर्षांत काई झालं नाई." गावात फिरताना पूर्ण ताकद लागते किती वेळ? चार सेकंद. पण जून २०२२ मध्ये अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर डांबर १०५ तास ३३ मिनिटांत टाकून गिनीज विक्रम झाला; जून २०२५ मध्ये समृद्धी मुंबईपर्यंत पूर्ण झाली. आता पाय खाली दाबून तासन् तास जाता येतं, आणि इंजिनाला मारते ती हीच सततची उष्णता. क्लच आधी घसरून इशारा तरी देतो. थकलेला रॉड देत नाही. तो तुटतो तेव्हा मागच्या सीटवर आई आणि लेकरं असतात, आणि मागून ट्रक येत असतो.

एक प्रकार तर मला सरळ बेईमानी वाटतो. दोन वर्षं ताकद पिळायची, मग जुनी फाईल परत टाकून 'सिंगल हँड, कंपनी कंडिशन' म्हणून गाडी विकायची. पिळलेलं इंजिन घेणारा कोणीतरी आपल्यासारखाच, कर्ज काढून पहिली गाडी घेणारा असतो.

ताकद हवीच असेल तर मोठ्या इंजिनाची गाडी घ्या. नाहीतर पिस्टन-रॉडपासून सगळं बदला आणि तो खर्च आधी कागदावर मांडा. आणि तरीही लॅपटॉप लावलाच, तर निदान विमा कंपनीला आणि पुढच्या गिऱ्हाइकाला खरं सांगा. सांगायची लाज वाटत असेल, तर उत्तर तुमच्याजवळच आहे.