जर्सी नको, तीन पोरांच्या झोपायची सोय करा

बऱ्याच शनिवारांनी लिहायला बसलोय. विषय फुटबॉल. ज्यांना फुटबॉलमध्ये रस नाही त्यांनीही वाचायला हरकत नाही, कारण मुद्दा अर्धा फुटबॉलचा आणि अर्धा रेल्वेचा आहे :)

तर झालं असं. आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या माजी खेळाडूंचा एक व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आहे. वर्षातले अकरा महिने त्यावर वाढदिवस आणि गुड मॉर्निंग. बाराव्या महिन्यात मात्र रक्त उसळतं, कारण नागपुरातल्याच दुसऱ्या एका कॉलेजशी आमची मॅच असते. (नावं घेत नाही दोन्हींची.) गेली चार वर्षं आम्ही सलग हरतोय. यंदा हरायचं नाही असं ग्रुपवर ठरलं आणि लगेच वर्गणी निघाली. ४२ हजार जमलेत. त्यातून काय येणार? नवीन जर्सी, पाठीवर नाव छापलेली. ढोलताशा. आणि मॅचच्या आदल्या दिवशी एका वक्त्याचं प्रेरणादायी भाषण. एकाने लिहिलं, "भाऊ, आपल्या पोरांमधी जिद्दच नाही राहिली बे." त्यावर सत्तावीस अंगठे.

हे मला साफ अमान्य आहे. ग्रुपवर तीन ओळींच्या वर कोणी वाचत नाही, म्हणून इथे लिहितोय.

गेल्या वर्षीची मॅच मी पुण्याहून रजा टाकून बघायला गेलो होतो. ०-२. दोन्ही गोल कॉर्नरवर. दोन्ही वेळा त्यांचा तोच उंच स्टॉपर, तोच मागचा खांब, आणि तो एकटा! आमची सहा पोरं चेंडूकडे बघत उभी, त्याच्याकडे कोणीच नाही. पहिला गोल अकराव्या मिनिटाला. पुढची ऐंशी मिनिटं आमची पोरं अक्षरशः फेफे होईपर्यंत पळाली. एकाच्या पायात गोळा आला तरी तो बाहेर यायला तयार नव्हता. याला जिद्द नाही म्हणायचं तर कशाला म्हणायचं? मॅचनंतर मी स्टॉपरला विचारलं, कॉर्नरला त्या उंच माणसाला कोण धरणार होतं? तो म्हणाला, "दादा, ते ठरलंच नव्हतं. सगळे एका दिवशी कधी आलेच नाहीत प्रॅक्टिसले."

बस. रोग इथे आहे. आपण औषध भलत्याच जागी चोळतोय.

सगळे एका दिवशी का आले नाहीत? कारण गोलकीपर आमच्या वरठीचा, लेफ्ट बॅक तुमसरचा आणि मिडफिल्डमधला एक गोंदियाकडचा. तिघंही अपडाऊन करतात. प्रॅक्टिस सुरू होते संध्याकाळी पाचला, आणि पाचला ही पोरं स्टेशनच्या वाटेला लागलेली असतात. मग प्रॅक्टिसला कोण? होस्टेलची पोरं. ती आठ-नऊ जणं दोन गोल मांडून आपापसात खेळतात, घाम येतो, छान वाटतं. मॅचच्या दिवशी मात्र मागच्या फळीतले दोघं असे असतात ज्यांनी त्या महिन्यात एकमेकांसोबत एकही कॉर्नर अडवलेला नाही.

(ज्यांना वरठी माहीत नाही त्यांच्यासाठी: हावडा-मुंबई लाइनवर भंडारा रोड नावाचं स्टेशन लागतं ना, ते वरठीत आहे. गाव आमचं, नाव भंडाऱ्याचं. सनफ्लॅगचा स्टील प्लांट आहे तेच गाव. असो.)

मला हे ठाऊक आहे कारण मी स्वतः चार वर्षं पास काढून अपडाऊन केलं. सेकंड इयरला टीममध्ये निवड झाली होती. सरांना म्हटलं, सर, मला गाडी पकडायची असते, आठवड्यात दोन दिवस दुपारी प्रॅक्टिस घ्याल का? उत्तर आलं, "खेळायचं का घरी जायचं ते ठरव." घरी गेलो. होस्टेलचा खर्च झेपणारा नव्हता, त्यात ठरवण्यासारखं काही नव्हतंच. त्या वर्षी आम्ही हरलो तेव्हा ग्रुपच्या सिनियर लोकांनी (तेव्हा ऑर्कुट नुकतंच बंद पडलं होतं, फेसबुकवर) हेच लिहिलं होतं, जिद्द नाही. मी तेव्हा लाईक केलं होतं. लाज वाटते आता.

आता तुम्ही म्हणाल, समोरचे तगडे आहेत, त्यांच्याकडे चांगलं मैदान आहे, आपण कितीही सराव केला तरी काय? थोडं बाहेर बघू. २०१६ च्या युरो स्पर्धेत आइसलँडने इंग्लंडला २-१ असं घरी पाठवलं. आइसलँडची लोकसंख्या तेव्हा सव्वातीन लाखांच्या आसपास. आपल्या एकट्या भंडारा जिल्ह्याची २०११ च्या जनगणनेत १२ लाख होती. म्हणजे भंडाऱ्याच्या पावपट देश! त्यांचा पहिला गोल कसा झाला? लांब थ्रो-इन, एकाने डोक्याने मागे ढकलला, दुसऱ्याने जाळ्यात मारला. त्या थ्रोला कोण कुठे उभं राहणार हे घटवून ठेवलेलं होतं. २००४ च्या युरोत ग्रीसने फ्रान्स, चेक प्रजासत्ताक आणि शेवटी पोर्तुगाल यांना ओळीने १-० ने हरवून कप नेला. तिन्ही गोल हेडरचे, त्यातले शेवटचे दोन कॉर्नरवरचे. दुबळ्या टीमने तगड्या टीमला हरवायचं असेल तर चेंडू जिथे थांबलेला असतो तिथेच हरवता येतं. पळण्यात ते आपल्याला भारी पडतील. पण कॉर्नरच्या वेळी सगळे उभे असतात, आणि उभं कुठे राहायचं हे पाठ करता येतं. त्याला टॅलेंट लागत नाही. अकरा माणसं एका वेळी मैदानावर लागतात, एवढंच.

आणि बाहेरचं कशाला, आपल्या विदर्भाचं बघा ना. मार्च २०२४, रणजी फायनल, वानखेडे. पहिल्या डावात विदर्भ १०५ ला गारद. चौथ्या डावात ५३८ चं लक्ष्य, आणि आपल्या पोरांनी ३६८ केल्या. वाडकरचं शतक, करुण नायर ७४, हर्ष दुबे ६५. आपण सगळ्यांनी स्टेटस टाकले, 'हरलो पण झुंजलो'. पण १६९ रनने हरलोच. मग फेब्रुवारी २०२५, तीच मुंबई, सेमीफायनल, नागपूर. या वेळी पहिल्याच डावात ३८३. मुंबई २७० ला आटोपली, त्यात पार्थ रेखडेने एकाच ओव्हरमध्ये रहाणे, सूर्यकुमार आणि शिवम दुबे काढले. पुढे यश राठोडचे १५१, मुंबईपुढे ४०६, आणि ८० रनने विजय. २०२४ च्या शेवटच्या दिवशी जी झुंज दिसली ती खरीच होती, पण मॅच त्याच्या कितीतरी आधी, १०५ वर गेली होती. आमचा अकराव्या मिनिटाचा गोल म्हणजे आमचे १०५. पुढची ऐंशी मिनिटं म्हणजे ३६८. टाळ्या मिळतात, कप मिळत नाही.

ग्रुपवर एक जण हमखास म्हणेल की जर्सीने मनोधैर्य वाढतं. वाढत असेल. मला कोणाच्या जर्सीशी वैर नाही. पण पंधरा पोरं तीन बॉलवर प्रॅक्टिस करतायत आणि त्यातला एक अंड्यासारखा झालाय, अशा वेळी पाठीवर नाव छापायचं? दुसरा म्हणेल, अपडाऊनवाल्यांना काढा, होस्टेलवाल्यांचीच टीम करा. काढा की! मग गोलमध्ये कोण उभं राहणार? गेल्या वर्षी ०-२ चं ०-५ झालं नाही ते त्या वरठीच्या पोरामुळे. (गाववाला म्हणून नाही सांगत. थोडंसं गाववाला म्हणूनही.) आणि तो लाइनला चिकटून राहतो याचं कारणही तेच आहे. पुढे येऊन बॉल उचलायचा तर मागे खांब कोण झाकतंय यावर विश्वास लागतो, तो एकत्र खेळूनच येतो.

हिशोब करू, आपण शेवटी इंजिनिअर लोक. मॅचच्या आधीचे पंधरा दिवस तीन पोरांना होस्टेलवर ठेवायचं. कोणाच्याही रूमवर गादी टाकली की झालं, आम्हीही परीक्षेच्या वेळी तसंच राहायचो. सबमिशनच्या काळात कॉलेजच तर परवानगी देतं. मेसचे दिवसाला दीडशे धरले तर तिघांचे ६,७५० रुपये. हजाराचा एक असे दहा चांगले बॉल, १०,०००. क्रेप बँडेज, टेप, बर्फ, केळी यांचे ५,००० धरू. झाले २१,७५०. निम्मे पैसे अजून शिल्लक, हवा तर ढोलताशा करा.

आणि त्या पंधरा दिवसांत रोज शेवटची वीस मिनिटं फक्त कॉर्नर. दहा डावीकडून, दहा उजवीकडून. त्या उंच स्टॉपरच्या अंगाला एक पोरगा चिकटलेला, दुसरा मागच्या खांबावर, गोलकीपर ओरडणार आणि तो ओरडला की बाकीच्यांनी वाट द्यायची. गोल किक त्या स्टॉपरच्या डोक्यावर मारणं बंद, लेफ्ट बॅकला जमिनीवरून द्यायची. पहिली पंधरा मिनिटं कोणी शौर्य दाखवायचं नाही. इतकं झालं आणि तरी हरलो तर पुढच्या वर्षी वक्त्याचा खर्च मी एकटा देईन, लिहून घ्या.

काल रात्री खजिनदाराला फोन केला. तो म्हणाला, "काहून आता सांगून राहिला बे, जर्सीचा अ‍ॅडव्हान्स देऊन बसलो ना मी." दुकानदार अर्धा परत देतो का ते सोमवारी विचारणार आहे. सरांशी होस्टेलबद्दल कोण बोलणार हे अजून ठरायचंय. मी बोलतो म्हटलं. माझे पाच हजार मात्र मी मेसच्या खात्यात टाकतोय, जर्सीच्या नाही. ज्यांना तसंच करायचंय त्यांनी ग्रुपवर न लिहिता थेट फोन करा, नंबर सगळ्यांकडे आहे.