उर्वशीची अट

आपल्या सभेत प्रश्नोत्तरांची वेळ आली की एखादे गृहस्थ हमखास उठतात. "वेदकाळात स्त्रिया ऋषी होत्या, सूक्तं रचत होत्या. मग तुमची ही स्त्रीमुक्ती कशाला?" यावर आपल्यातल्या काहीजणी वेदच मोडीत काढतात, काहीजणी गप्प बसतात. मला दोन्ही पटत नाही. ज्या सूक्तांचे दाखले आपल्या तोंडावर फेकले जातात, ती आपण वाचलेली असावीत.

ऋग्वेदात काही संवादसूक्तं आहेत. तिथे नुसती देवांची स्तुती नाही, दोन पक्ष समोरासमोर बोलतात. यम आणि यमी, अगस्त्य आणि लोपामुद्रा, पणी आणि इंद्राची दूती सरमा, पुरूरवा आणि उर्वशी. ही सूक्तं यज्ञप्रसंगी पात्रं वाटून घेऊन सादर होत असावीत आणि भारतीय नाटकाचं मूळ त्यांत असावं, असं मत मॅक्स म्युलर, सिल्व्हाँ लेव्ही, श्रोडर अशा युरोपीय पंडितांनी मांडलं. कीथने १९२४ च्या आपल्या ग्रंथात त्याला विरोध केला. भरताचं नाट्यशास्त्रही म्हणतं की ब्रह्मदेवाने नाटकासाठी पाठ्य घेतलं ते ऋग्वेदातून. पंडितांचा वाद त्यांच्याकडे राहू द्या. आपल्याला दिसतं ते एवढंच, की या चारही संवादांत एक बाजू स्त्रीची आहे. ती मागते, भांडते, आणि 'नाही' म्हणते.

त्यातली उर्वशी घेऊ. दहाव्या मंडलातलं पंचाण्णवावं सूक्त, ऋचा अठरा. उर्वशी घर सोडून निघाली आहे. पुरूरवा परत चल म्हणून विनवतो, मरणाची भाषा करतो. ती वळत नाही. उलट ती त्याला एकत्र काढलेल्या दिवसांची आठवण देते. दिवसातून तीन तीन वेळा तो तिच्याकडे येई, तिला नको असतानाही. हे ती त्याच्या तोंडावर सांगते, त्याच्याच भाषेत आणि त्याच्याच छंदात.

पुढे शतपथ ब्राह्मणात याची गोष्ट झाली. सूक्तातली तक्रार तिथे लग्नाआधीची अट बनली. माझी इच्छा नसेल तेव्हा माझ्यापाशी येऊ नकोस, असं उर्वशी आधीच बजावते. शब्द आहे 'अकामा'. तू मला नग्न दिसता कामा नयेस, हीही एक अट. गंधर्वांनी कपटाने ही नग्नतेची अट मोडवली आणि ती निघून गेली. कथा सांगणाऱ्यांनी लक्षात ठेवली ती ही अट. 'अकामा' मात्र मागे पडली.

त्यानंतर कालिदासाचं 'विक्रमोर्वशीय'. आता उर्वशी प्रेमात व्याकूळ आहे. स्वर्गात भरतमुनींच्या नाटकात ती लक्ष्मीची भूमिका करते, 'पुरुषोत्तम' म्हणायच्या जागी 'पुरूरवा' म्हणून जाते, आणि भरतमुनी तिला शाप देतात. मनातलं नाव ओठावर आलं, एवढाच तिचा अपराध. पुढे स्त्रियांना बंदी असलेल्या वनात पाऊल टाकल्यामुळे तिची वेल होते. शेवटी इंद्राच्या परवानगीने ती राजाजवळ जन्मभर राहते. सोडून जाणारी उर्वशी नांदायला लागली! आणि भाषा? राजा संस्कृत बोलतो, ती प्राकृत. राणी, गणिका, संन्यासिनी अशा काहींना प्रसंगी संस्कृत बोलण्याची सवलत नाट्यशास्त्रात आहे, पण रंगभूमीवरच्या बहुतेक स्त्रियांच्या वाट्याला प्राकृतच आली. प्राकृत हलकी होती असं मी म्हणत नाही, ती तर लोकांची भाषा. प्रश्न असा, की एकाच घरातल्या नवराबायकोच्या भाषा वेगळ्या कुणी ठरवल्या?

नाटक हा पाचवा वेद कशासाठी, तर शूद्रांना वेद ऐकवायचे नाहीत म्हणून सर्व वर्णांसाठी एक वेद हवा, असं नाट्यशास्त्रच सांगतं. पुढे भागवत पुराणाने स्त्रियांनाही त्याच रांगेत बसवलं. म्हणजे जिच्या नावावर ऋचा आहेत, तिच्या लेकींना त्या ऐकायचीही चोरी!

पण म्हणून वेदकाळ हे सुवर्णयुग होतं, असं मी म्हणणार नाही. अनुक्रमणी उर्वशीला तिच्या ऋचांची ऋषी म्हणते, पण पात्राच्या नावावर ऋचा टाकणं वेगळं आणि स्त्रीने ती रचणं वेगळं. बायकांशी मैत्री टिकत नाही, त्यांची काळजं हिंस्र श्वापदांची असतात, असा शेराही याच सूक्तात उर्वशीच्याच तोंडी घातला आहे. तो कुणाच्या मनातला, हे ओळखायला संस्कृत यावं लागत नाही. आणि यज्ञाच्या मंडपाबाहेर राबणाऱ्या दासीचं सूक्त कुणी रचलं? या गृहस्थांनी तिचंही नाव सांगावं.

तरीही एक गोष्ट उरते. पुरुषाने लिहिलं असलं तरी, नवऱ्याच्या घरात बाईला 'नको' म्हणायचं असतं हे त्याला ऐकू आलं होतं. आज काय परिस्थिती आहे? १८६० च्या दंड संहितेने नवऱ्याने बायकोवर केलेल्या जबरदस्तीला बलात्कारातून वगळलं. जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली. तिच्या कलम ६३ मध्येही, पत्नी अठरा वर्षांखालची नसेल तर, हा अपवाद तसाच आहे. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळ धरला आहे, हे खरं. पण त्याला गुन्ह्याचं नाव द्यायला आपला कायदा अजून कचरतो. विवाहसंस्था मोडेल म्हणे!

तेव्हा मैत्रिणींनो, पुढच्या वेळी ते गृहस्थ उठले तर त्यांना बसवू नका. १९८३ पासून 'मुलगी झाली हो' गावोगाव नेणाऱ्या चळवळीला हा संवाद उभा करणं अवघड नाही. उर्वशी आपण करू. पुरूरव्याचं काम त्यांना द्या, आणि 'अकामा' या शब्दाचा अर्थ त्यांनाच सभेला सांगू द्या. मग विचारा, वेदांचा एवढा अभिमान आहे ना, मग ही एवढी एक अट कायद्यात घालायला तुमची सही मिळेल का?