सुपारी, गॅबा आणि एक माहितीपत्रक

गेल्या पावसाळ्यात एका औषधी विक्रेत्या मित्राने आमच्या हाती एक गुळगुळीत माहितीपत्रक ठेवले. उत्पादकाचे नाव येथे देण्याचे प्रयोजन नाही. पूगफलयुक्त एका चूर्णाविषयी त्यात असे म्हटले होते की, ते मेंदूतील 'गॅबा' वाढविते, म्हणून अपस्मारात गुणकारी आहे. परदेशी शास्त्रज्ञांनी हे १९७५ सालीच सिद्ध केले आहे. माल ठेवावा की नाही, एवढाच मित्राचा प्रश्न होता. ठेवू नये, एवढेच आम्ही तेव्हा म्हणालो. कारणे सविस्तर लिहावीत असे वाटले ते त्यानंतर दोन महिन्यांनी. तेच चूर्ण दुसऱ्या दुकानातून घेऊन चालू गोळ्या एकाएकी बंद केलेला एक तरुण आमच्याकडे आणला गेला. तीन वर्षे आकडी न आलेल्या त्या मुलाला आठवड्यात दोनदा आकडी आली होती.

माहितीपत्रक सर्वस्वी खोटे असते तर प्रश्न सोपा होता. ते निम्मे खरे आहे.

गॅबा हे एक अमायनो आम्ल. मेंदूतील एक चेतापेशी दुसरीला 'थांब' असे सांगते ते मुख्यतः याच्या द्वारे. निरोप पोहोचल्यावर दोन पेशींमधील फटीतून ते उचलावे लागते. हे काम पेशीच्या पटलात बसलेले एक वाहक प्रथिन करते. त्याचे नाव गॅट-१. पटलातून बारा वेळा आरपार गेलेली ही साखळी बाहेरच्या बाजूस उघडते, गॅबाचा एक रेणू, सोडियमचे दोन व क्लोराइडचा एक आयन आत घेते, मिटते आणि पेशीच्या आत उघडते. दोन दारांच्या देवडीसारखी ही रचना आहे. दोन्ही दारे एकाच वेळी कधी उघडी नसतात. या प्रथिनाचा जनुक १९९० साली हाती आला.

आता सुपारीकडे वळू. सुपारीत अरेकोलीन व ग्वाव्हाकोलीन ही द्रव्ये आहेत. विड्यातील चुन्याच्या संयोगाने त्यांची अनुक्रमे अरेकायडीन व ग्वाव्हासीन होतात. ही दोन द्रव्ये मेंदूच्या कापांमध्ये गॅबाचे वहन अडवितात, असे जॉन्स्टन, क्रोग्सगार्ड-लार्सन व स्टीफन्सन यांनी १९७५ साली 'नेचर' नियतकालिकात दाखवून दिले. वाहक अडला की गॅबा फटीत अधिक काळ राहते. पत्रकातील खरे ते एवढेच.

न सांगितलेला भाग मोठा आहे. ग्वाव्हासीन व त्याचे जवळचे नातलग निपेकोटिक आम्ल रक्तातून मेंदूत जवळजवळ शिरतच नाहीत. म्हणून डेन्मार्कमधील संशोधकांनी निपेकोटिक आम्लाला स्निग्धप्रिय शेपूट जोडले. त्यातून टायगाबीन हे औषध झाले. अमेरिकेत १९९७ साली त्याला अपस्माराच्या काही प्रकारांत, इतर औषधांच्या जोडीने वापरण्याची मान्यता मिळाली. ते गॅट-१ मध्ये नेमके कोठे अडकते, त्याचे चित्र २०२२ साली मिळाले. सुपारी आणि ही गोळी यांमध्ये दोन दशकांहून अधिक काळाचे श्रम आहेत. ते वगळून सुपारीला अपस्मारहर म्हणणे म्हणजे उसाच्या कांड्याला गूळ म्हणून विकणे होय.

त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, 'गॅबा वाढले की आकडी थांबली' हे समीकरणच पुरते खरे नाही. अपस्मार नसलेल्या व्यक्तींना अन्य तक्रारींसाठी टायगाबीन दिले असता त्यांनाच आकडी आल्याच्या नोंदी झाल्या. २००५ साली अमेरिकी औषध प्रशासनाने तसा इशारा दिला. गॅट-१ चा जनुक जन्मतः सदोष असलेल्या बालकांत वाहक दुबळा असतो. म्हणजे पत्रकाच्या तर्काप्रमाणे ती मुले शांत असावयास हवीत. प्रत्यक्षात त्यांना अपस्मार होतो; २०१५ साली हे स्पष्ट झाले. वाहकाचे काम केवळ गॅबा कमी करणे नव्हे, तर ते योग्य जागी योग्य काळच राहील असे पाहणे हे आहे. दोषाच्या वृद्धीइतकाच क्षयही विकारकारक, हे ज्यांना पहिल्या वर्षी शिकविले गेले, त्या आम्हा वैद्यांना हे अवघड वाटू नये.

आमच्या ग्रंथांनी सुपारीला ओळखले नव्हते असे नाही. भावप्रकाशाने तिच्या गुणांत 'मोहन' हा गुण सांगितला आहे, ओल्या सुपारीचे दोष सांगितले आहेत आणि शिजविलेलीचा वेगळा विचार केला आहे. कोकणात सुपारी 'लागलेला' माणूस ज्याने पाहिला आहे, घामाघूम, भोवळलेला, त्याला 'मोहन' शब्दाची टीका लागत नाही. (हे मुख्यतः अरेकोलीनचे कर्म, गॅबाशी त्याचा संबंध जोडू नये.) अपस्मारासाठी चरकाच्या चिकित्सास्थानात दहावा अध्याय आहे, पंचगव्य घृत, ब्राह्मी घृत हे योग तेथील. ज्याला शास्त्राधार हवा त्याने तेथून प्रारंभ करावा. परदेशी प्रयोगातील एक वाक्य उचलून त्यावर संस्कृत नाव चिकटविण्यास आम्ही शास्त्राधार मानीत नाही.

शिवाय सुपारी निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००४ साली तिचा मानवी कर्करोगास निश्चित कारणीभूत द्रव्यांत समावेश केला, तोही तंबाखूशिवाय. तोंड उघडेनासे झालेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. दररोज दोन वेळा, महिनोन्‌महिने घ्यावयाच्या चूर्णात ती घालताना निर्मात्याने याचे उत्तर दिले पाहिजे.

औषधी विक्रेत्या सभासदांस एक स्मरण द्यावेसे वाटते. १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिराती प्रतिबंधक कायद्याच्या परिशिष्टात अपस्माराचे झटके समाविष्ट आहेत. ते बरे करण्याचा दावा करणारे पत्रक गल्ल्याजवळ ठेवणे हा जाहिरातीचाच प्रकार ठरू शकतो. माल परत पाठविताना थोडे नुकसान सोसावे लागले तरी आमच्या मित्राने ते सोसले, याचे आम्हास कौतुक आहे.

त्या तरुणाच्या गोळ्या त्याच्या मेंदूविकारतज्ज्ञांनी पुन्हा चालू केल्या आहेत. चूर्णाची उरलेली डबी आम्ही मागून घेतली. घटकांच्या यादीत पूगफल आहे. ते ओले, वाळलेले की शिजविलेले, आणि किती, हे कोठेही लिहिलेले नाही.