हार्मोनची गोळी, शरीरातले बदल आणि आपले मौन

वर्ध्याला किंवा नागपूरला दाखवून आलेल्या भगिनींच्या थैलीत हल्ली रक्तदाबाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्यांबरोबर आणखी एक पाकीट दिसते. हे कशासाठी, असे विचारले की उत्तर मिळते, "ताकदीच्या गोळ्या आहेत." कुणी म्हणते, "अंगातली गरमी जायच्या आहेत." नाव वाचल्यावर कळते की त्या हार्मोनच्या गोळ्या आहेत. दोन-तीन महिन्यांनी याच भगिनी पुन्हा येतात तेव्हा तक्रारी निराळ्या असतात. स्तन दुखतात, पायांवर सूज येते, गालांवर वांग उमटले, आणि काहींच्या बाबतीत चार वर्षांपूर्वी गेलेली पाळी परत आली. सगळ्यांच्या बोलण्यात एक वाक्य मात्र सारखे असते, "असं होईल म्हणून कोणी सांगितलंच नाही, डॉक्टरसाहेब."

माझ्या मते खरे दुखणे हेच आहे. हार्मोनची गोळी विष नाही आणि अमृतही नाही. योग्य स्त्रीला, योग्य वयात, तपासून दिली तर ती निश्चित उपकारक आहे. परंतु शरीरात कोणते बदल होतील, त्यांतले कोणते थोडे दिवस सोसायचे आणि कोणत्यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा, हे न सांगता दिलेली गोळी म्हणजे अर्धवट उपचार होय.

मुळात हे औषध काय आहे?

गर्भपिशवीच्या दोन्ही बाजूंना बदामाच्या आकाराची दोन अंडाशये असतात. इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन ही हार्मोन्स तेथे तयार होतात. आपल्या देशात पाळी साधारणपणे ४६-४७व्या वर्षी कायमची थांबते. सलग बारा महिने पाळी आली नाही की रजोनिवृत्ती झाली असे समजतात. इस्ट्रोजेन आटल्यामुळे अंगातून वाफा निघतात, रात्री घामाने पातळ ओले होते, झोप उडते, चिडचिड वाढते, योनिमार्ग कोरडा पडतो, आणि पुढे हाडे ठिसूळ होतात. सर्वांनाच हा त्रास सारखा होत नाही. ज्यांना असह्य होतो त्यांना ही हार्मोन्स बाहेरून देतात.

ज्या स्त्रीची गर्भपिशवी शाबूत आहे तिला एकटे इस्ट्रोजेन देऊन चालत नाही, सोबत प्रोजेस्टेरॉन किंवा त्याच्यासारखे औषध द्यावेच लागते. एकट्या इस्ट्रोजेनने पिशवीचे आतले अस्तर जाड होत जाते आणि तेथे कर्करोग होण्याचा धोका वाढतो. हा धडा जगाला महागात पडला. अमेरिकेत १९४२ पासून गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेले इस्ट्रोजेन विकले जात होते. १९६६ साली तेथील एका डॉक्टराने पुस्तक लिहून स्त्रियांना कायमच्या तारुण्याची भुरळ घातली आणि खप भराभर वाढला. १९७५ साली अस्तराच्या कर्करोगाचे अहवाल प्रसिद्ध झाले, तेव्हा कुठे डोळे उघडले. म्हणून मैत्रिणीची किंवा नणंदेची गोळी आपण घेऊ नये. तिची पिशवी काढलेली असेल, आपली नसेल, तर तिला चालणारे औषध आपल्याला घातक ठरू शकते.

गेलेली पाळी परत येते तेव्हा

सर्वांत जास्त गोंधळ उडतो तो रक्तस्रावाने. काही पद्धतींत प्रोजेस्टेरॉन महिन्यातून दहा-चौदा दिवसच देतात. ते संपले की पाळीसारखा स्राव होतो आणि तो अपेक्षित असतो. दुसऱ्या पद्धतीत दोन्ही हार्मोन्स रोज घ्यायची असतात. त्यात पहिले तीन ते सहा महिने अधूनमधून डाग लागू शकतात आणि पुढे ते थांबतात. परंतु सहा महिन्यांनंतरही डाग लागत राहिले, स्राव वाढला, किंवा थांबलेला स्राव पुन्हा सुरू झाला, तर सोनोग्राफी करून अस्तराची जाडी पाहावी लागते आणि गरज पडल्यास तुकडा तपासावा लागतो.

हार्मोन घेत नसलेल्या भगिनींसाठी तर नियम आणखी कडक आहे. पाळी जाऊन वर्ष लोटल्यावर एक थेंब जरी रक्त दिसले तरी तपासणी हवीच. बहुतेकींमध्ये कारण साधेच निघते, पण दहांतील एखादीच्या बाबतीत तो अस्तराचा कर्करोग असतो आणि लवकर सापडला तर तो बरा होतो. आपल्याकडे मात्र काही बायका "शरीर अजून तरुण आहे" म्हणून मनातून सुखावतात, काही "उष्णता झाली" म्हणून सब्जाचे पाणी पितात, आणि कापसाची वेचणी संपेपर्यंत घरात कुणाला सांगतही नाहीत. वेचणी दरवर्षी येईल. हा आजार मात्र थांबून राहत नाही.

इतर बदल

स्तन जड होणे, दुखणे, मळमळ, डोके दुखणे, पोट फुगल्यासारखे वाटणे, या तक्रारी बहुधा दोन-तीन महिन्यांत कमी होतात. कमी न झाल्यास मात्रा किंवा औषधाचा प्रकार बदलता येतो. दुखणे वेगळे आणि गाठ वेगळी, हे लक्षात ठेवावे. गाठ लागली, स्तनाग्रातून रक्त आले, कातडी संत्र्याच्या सालीसारखी झाली, तर वाट पाहू नये.

"गोळीने वजन वाढले" ही तक्रार फार ऐकू येते. आजवरच्या अभ्यासांत हार्मोन उपचाराने वजन वाढते असे सिद्ध झालेले नाही. या वयात स्नायू कमी होतात आणि मांड्यांवरची चरबी पोटाकडे सरकते. दोष गोळीला मिळतो. वांग मात्र इस्ट्रोजेनने खरोखर वाढू शकते, आणि आमच्या भागातल्या उन्हात अधिकच. टिबोलोन नावाचे औषध घेणाऱ्या काही स्त्रियांच्या हनुवटीवर लव वाढते. त्या लाजेने डॉक्टरला सांगत नाहीत, गुपचूप गोळी तेवढी बंद करतात.

एक बदल डॉक्टरांच्याही नजरेतून निसटतो. थायरॉइडची गोळी घेणाऱ्या स्त्रीने इस्ट्रोजेनची गोळी सुरू केली की पूर्वीची थायरॉइडची मात्रा कमी पडू शकते. मग थकवा, बद्धकोष्ठ, सुस्ती येते आणि सगळे "वयाचे" म्हणून सोडून दिले जाते. अशा वेळी दोन-तीन महिन्यांनी टीएसएच तपासून घ्यावे.

आता ज्यासाठी अजिबात थांबायचे नाही ते सांगतो. एकाच पायाची पोटरी सुजून दुखू लागली, छातीत दुखले, अचानक धाप लागली, बोलताना जीभ अडखळली, एका हातातली शक्ती गेली, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. पोटात घेण्याच्या इस्ट्रोजेनने हा धोका वाढतो आणि पहिल्या वर्षात तो अधिक असतो. त्वचेवर लावायच्या पट्टीने किंवा जेलने तो वाढताना दिसत नाही. अशा वेळी मालिश करत बसू नका, तडक रुग्णालय गाठा.

भीतीचे गणित

२००२ साली अमेरिकेतील मोठा अभ्यास अर्ध्यावर थांबवला गेला. त्यात १६,६०८ स्त्रिया होत्या. दोन्ही हार्मोन्स घेणाऱ्या दर दहा हजार स्त्रियांमागे वर्षाला स्तनाचा कर्करोग आठ जणींना, पक्षाघात आठ जणींना आणि हृदयविकार सात जणींना जास्त झाला. खुब्याचे हाड मोडण्याचे प्रमाण पाच जणींनी कमी झाले. वर्तमानपत्रांत मथळे झळकले आणि जगभर गोळ्या बंद झाल्या. परंतु त्या स्त्रियांचे सरासरी वय ६३ होते, हे मथळ्यांत आले नाही. पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नाहीत आणि वय साठीच्या आत आहे, अशा निरोगी पण त्रासलेल्या स्त्रीसाठी फायदा बहुधा जास्त ठरतो, असे आज तज्ज्ञ मानतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने नोव्हेंबर २०२५ मध्ये या औषधांवरचे जुने कडक इशारे काढण्याचे जाहीर केले. पिशवी असलेल्या स्त्रीने एकटे इस्ट्रोजेन घेण्याबद्दलचा इशारा मात्र तसाच ठेवला. स्तनाचा कर्करोग, गुठळी, पक्षाघात, हृदयविकार किंवा यकृताचा चालू आजार असलेल्यांनी, तसेच कारण न कळलेला रक्तस्राव होत असलेल्यांनी हे उपचार घेऊ नयेत, हे कायम आहे.

पिशवी काढली, पण काय काय काढले?

आमच्या भागात याहून मोठा प्रश्न निराळाच आहे. तिशी-पस्तिशीत पिशवी काढलेल्या स्त्रिया येतात. अंगातून वाफा निघतात, हाडे दुखतात, नवऱ्याजवळ जाणे नकोसे होते. विचारले की अंडाशये ठेवली की काढली, तर बाई नवऱ्याकडे पाहते आणि नवरा छताकडे. डिस्चार्ज कार्ड हरवलेले असते.

दोन्ही अंडाशये काढली की दुसऱ्याच दिवसापासून रजोनिवृत्ती सुरू होते. जो बदल निसर्ग काही वर्षांत सावकाश करतो तो एका रात्रीत होतो. अंडाशये ठेवली तरी ती पुष्कळदा लवकर थकतात, आणि पाळी नसल्यामुळे ते कळतही नाही. चाळिशीच्या आत हार्मोन आटलेल्या स्त्रीला, दुसरी हरकत नसेल तर, पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन देणे हिताचे असते. नाहीतर हाडे आणि हृदय दोन्ही अकाली म्हातारे होतात. म्हणजे ज्या बाईला या औषधाची खरी गरज आहे तिला ते मिळत नाही, आणि जिला नको तिच्या थैलीत ते सापडते.

हा प्रश्न किती मोठा आहे हे बीड जिल्ह्याने दाखवून दिले. २०१९ साली नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने समिती नेमली. पाहणी केलेल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींची पिशवी काढलेली आढळली. म्हणजे सहांत एक! पाळीचे चार दिवस खाडा पडू नये, मुकादमाचा दंड भरावा लागू नये, म्हणून अवयव गेले. त्यांपैकी किती जणींना पुढे शरीरात काय होईल हे कुणी समजावले असेल? ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अनावश्यक शस्त्रक्रिया रोखण्यासाठी केंद्राने ठरवलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत स्वीकारावीत, असा आदेश दिला. कायद्याने पुढच्या शस्त्रक्रिया कमी होतील. ज्यांच्या होऊन गेल्या त्यांच्या पंचवीस-तीस वर्षांचे काय? त्यांच्या हाडांची आणि रक्तदाबाची नोंद कोण ठेवणार? माझे स्पष्ट मत आहे की आशाताईंच्या वहीत गरोदर मातेइतकीच या स्त्रियांचीही नोंद असली पाहिजे.

आणखी एका गटाबद्दल आपण बोलतच नाही, तो म्हणजे तृतीयपंथी व्यक्तींचा. दवाखान्यात होणाऱ्या कुचेष्टेच्या भीतीने काहीजण गर्भनिरोधक गोळ्या दिवसाला चार-चार घेतात. गुठळीचा धोका त्यांनाही तेवढाच, किंबहुना जास्त आहे. स्तनांची वाढ आणि पुरुष हार्मोनने बदललेला आवाज औषध थांबवल्यावर पूर्ववत होत नाही, हे आधी कुणीतरी सांगायला हवे. सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली त्यांचे हक्क मान्य केले. आम्हा डॉक्टरांनी निदान त्यांना खुर्ची तरी द्यावी.

काय करावे?

माझ्या व्यवसायबंधूंना विनंती आहे की गोळीचे नाव लिहिताना दोन मिनिटे जास्त द्यावीत. पिशवी काढताना अंडाशयांचे काय केले ते कार्डावर मराठीत लिहावे. औषध दुकानदारांनी ही औषधे चिठ्ठीशिवाय देऊ नयेत. तसा नियमच आहे.

आणि भगिनींनो, तुम्ही चार प्रश्न विचारल्याशिवाय उठू नका. ही गोळी हार्मोनची आहे काय? किती महिने घ्यायची? रक्तस्राव होईल काय, आणि झाला तर केव्हा यायचे? पुढची तपासणी कधी? सुरू करण्यापूर्वी रक्तदाब आणि स्तन तपासून घ्या. नंतर तीन महिन्यांनी आणि मग दरवर्षी दाखवा. पाळी नुकतीच लांबू लागली असेल तर या गोळीने गर्भ राहणे टळत नाही, हेही ध्यानात असू द्या. शस्त्रक्रियेचे कार्ड सातबाऱ्यासोबत त्याच पेटीत ठेवा, दोन्ही सारखीच मोलाची आहेत. आर्वीचे उपजिल्हा रुग्णालय जवळ आहे, आणि पुढच्या तपासणीसाठी सेवाग्रामचे कस्तुरबा रुग्णालय जिल्ह्यातच आहे.

घरातल्या पुरुषांना एकच सांगणे आहे. बैलाचा पाय सुजला तर तुम्ही त्याच दिवशी डॉक्टरला बोलावता. बायकोने "अंगावरून जातंय" असे सांगितले तर तिला तितक्याच तातडीने घेऊन या. तिने अजून सांगितले नसेल, तर तुम्ही विचारा.