आधी मागचं, मग पुढचं

रविवारी सिंहगडाच्या घाटात, गोळेवाडीचा नाका ओलांडून थोडं वर गेल्यावर, एक कॉलेजचा मुलगा सायकल ढकलत निघालेला दिसला. पाय तगडे, सायकल चांगली. कधीकाळी ती थ्री-बाय-नाइन होती, म्हणजे पुढे तीन चेनरिंग आणि मागे नऊ चकत्या. आता डावा शिफ्टर गायब, पुढचा डिरेल्यर गायब, क्रँकवर एकुलती एक चेनरिंग. "काका, मागच्या आठवड्यात वन-बाय करून घेतली. आधी हाच चढ बसून चढायचो. आता पाय फिरतच नाहीत. माझाच स्टॅमिना गेला का?"

मी वाकून दाते मोजले. पुढे ३२. मागच्या सगळ्यांत मोठ्या चकतीवर ३४. स्टॅमिना जागेवर होता. दुकानदाराने त्याच्या सायकलीचा घाट चढायचा गिअरच काढून घेतला होता आणि वर त्याचे पैसेही लावले होते.

वन-बायच्या, म्हणजे पुढे एकच चेनरिंग ठेवण्याच्या, बाजूने मी या सदरात अनेकदा लिहिलं आहे आणि आजही त्याच बाजूने लिहितो आहे. म्हणूनच हे जास्त लागतं. चांगली गोष्ट अर्धवट केली की नाव तिचंच खराब होतं. तो मुलगा आता दहा मित्रांना सांगणार, वन-बायच्या नादाला लागू नका.

पुढच्या चेनरिंग का गेल्या, हे ज्यांनी पाहिलं त्यांना क्रम माहीत आहे. १९८१ साली स्पेशलाइज्डची स्टम्पजंपर ही माउंटन बाइक बाजारात आली तेव्हा पुढे तीन आणि मागे पाच असे पंधरा गिअर होते. मागे आजच्याइतकी मोठी चकती बसवण्याची सोय नव्हती, म्हणून चढासाठी हलका गिअर पुढे छोटी चेनरिंग लावूनच मिळायचा. तीस वर्षं तसंच चाललं. २०१२ साली स्रॅमने एक्सएक्स-वन ही एका चेनरिंगची गिअरप्रणाली आणली. तिच्यात मागे १० ते ४२ दातांची कॅसेट, म्हणजे चकत्यांचा संच, होती. २०१६ मध्ये स्रॅमचीच ईगल आली आणि मागचा आकडा ५० वर गेला. त्याच वर्षी रिओला निनो शुर्टरने एकाच चेनरिंगवर माउंटन बाइकचं ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं. शिमानोने २०१८ मध्ये महागड्या एक्सटीआरला आणि २०२० मध्ये सामान्य माणसाच्या डेओरेला १० ते ५१ ची कॅसेट दिली. आधी मागची कॅसेट वाढली, मग पुढच्या चेनरिंग उतरल्या. आपल्याकडची बरीच दुकानं फक्त दुसरी पायरी करतात, कारण ती करायला एक अ‍ॅलन की आणि अर्धा तास पुरतो.

त्या मुलाच्याच सायकलीचा हिशोब मांडतो, कारण सगळा मुद्दा त्यात आहे. मूळ क्रँकवर २२, ३२ आणि ४४ दातांच्या चेनरिंग होत्या, मागे ११ ते ३४. सर्वांत हलका गिअर २२-३४. पेडलचा एक पूर्ण फेरा मारला की साडेसत्तावीस इंची चाकावर सायकल साधारण १.४२ मीटर पुढे जाते. दुकानदाराने २२ आणि ४४ काढून फेकल्या, मधली ३२ ठेवली. आता सर्वांत हलका गिअर ३२-३४, आणि तोच एक फेरा सायकलीला २.०७ मीटर पुढे न्यायला लागतो. गिअर ४५ टक्क्यांनी जड झाला.

टक्क्यांवरून अंदाज येत नसेल तर ताकदीत सांगतो. सत्तर किलोचा माणूस, चौदा किलोची सायकल, दहा टक्के चढ, मिनिटाला साठ फेरे. मूळ गिअरवर त्याला सुमारे १३० वॉट लावावे लागतात. नियमित सायकल चालवणारा माणूस एवढे वॉट बराच वेळ देऊ शकतो, गप्पा मारत नाही, पण बसून देऊ शकतो. बदललेल्या गिअरवर तेच साठ फेरे ठेवायचे तर सुमारे १९० वॉट लागतात. तेवढे अर्धा-पाऊण तास सलग देणं हौशी सायकलस्वारांपैकी थोड्यांनाच जमतं. बाकीच्यांचे फेरे साठावरून चाळिसावर येतात, सगळा भार गुडघ्यांवर पडतो, आणि मग माणूस उतरून चालायला लागतो. तो मुलगा नेमका तिथेच मला भेटला.

आता तीच सायकल नीट बदलली तर काय होतं ते पाहा. पुढे तितक्याच, ३२ दातांची चेनरिंग. मागे मात्र मायक्रोशिफ्टच्या अ‍ॅडव्हेंट एक्ससारखा दहा चकत्यांचा संच, ११ ते ४८. हलका गिअर ३२-४८, पेडलचा एक फेरा म्हणजे १.४७ मीटर, लागणारी ताकद सुमारे १३५ वॉट. म्हणजे घाट जवळजवळ पूर्वीसारखाच. दोन्ही सायकली शेजारी उभ्या केल्या तर पुढून सारख्याच दिसतील. गिअरचा फरक पूर्ण मागे आहे: कॅसेट, तिच्यापर्यंत पोचणारा लांब डिरेल्यर, त्याला जुळणारा शिफ्टर आणि नवी चेन. मोठा खर्चही तिथेच आहे, आणि दुकानदाराने तोच टाळला. हा संच जुन्या फ्रीहबवर, म्हणजे मागच्या हबच्या ज्या भागावर कॅसेट चढते त्यावर, तसाच बसतो, शिमानोच्या १० ते ५१ साठी मात्र मायक्रो स्प्लाइनचा वेगळा फ्रीहब लागतो. म्हणून जुनी सायकल बदलणाऱ्याला मी आधी ११ पासून सुरू होणारी कॅसेट सुचवतो.

दुसरी चूक त्या मुलाला अजून कळलेली नाही, उतारावर कळेल. त्याच्या क्रँकवर राहिलेली चेनरिंग ही तीनमधली मधली आहे. तिच्यावरून बोट फिरवा. काही दाते मुद्दाम आखूड केलेले, आतल्या अंगाला उतरत्या खाचा आणि बारीक पिना. चेनने शेजारच्या रिंगवरून इथे सहज चढावं आणि इथून सहज सुटावं, म्हणून हे सगळं घडवलेलं असतं. शेजारी रिंगच नसेल आणि चेनला आवरणारा पुढच्या डिरेल्यरचा पिंजराही नसेल, तर सुटलेली चेन थेट खाली पडते. वन-बायसाठी नॅरो-वाइड चेनरिंग लागते. तिचा एक दात जाड, एक पातळ. चेनमधली एक फट रुंद, एक अरुंद. जाड दात रुंद फटीत गच्च बसतो आणि खडकाळ उतारावर आदळआपट झाली तरी चेन जागा सोडत नाही. सोबत मागच्या डिरेल्यरला क्लच हवा. त्यावरची छोटी कळ ओढून डिरेल्यरचा पिंजरा हाताने पुढे ढकलून बघा, किती जोर लागतो ते कळेल. तोच जोर चेनला खालच्या बाजूने ताणून धरतो. मोठी आणि मधली रिंग मिळून धरणारे लांब बोल्टही बदलून आखूड लावावे लागतात, नाहीतर एकटी रिंग सैल राहते. चार बोल्टांच्या १०४ मिलिमीटरच्या क्रँकवर ३२ पेक्षा लहान रिंग सहसा नीट बसत नाही, म्हणून तर हलका गिअर मागेच शोधावा लागतो.

इतकं करून मिळतं काय? पावसाळ्यात सह्याद्रीत सायकल घातलेला माणूस हे विचारणार नाही. पुढच्या डिरेल्यरचा पिंजरा चिखलाने भरतो. छोट्या रिंगवर चिकटलेली चेन सुटायच्या जागी वर ओढली जाते आणि फ्रेमशी अडकून बसते. ऐन चढात हे झालं की माणूस आडवा. एक रिंग, एक शिफ्टर आणि उजव्या अंगठ्याशी सगळे गिअर, ही खरी मोकळीक आहे.

आणि गिअरच्या संख्येबद्दल, जुने वाचक जाणतातच, माझं मत बदललेलं नाही. "एकवीस गिअर", "सत्तावीस गिअर" असं सांगून सायकल विकणं बंद व्हायला हवं. त्या मुलाच्या जुन्या सत्तावीसमध्ये २२-१३ आणि ४४-२६ हा एकच गिअर, २२-१५ आणि ४४-३० हाही एकच, २२-१७ आणि ४४-३४ हाही एकच. शिवाय मी पाहिलेल्या बहुतेक जुन्या सायकलींवर मधल्या रिंगचेच दाते झिजलेले असतात, बाकी दोन कोऱ्या. माझं ठाम मत आहे की घाट न चढणाऱ्या बहुतेकांना डावा शिफ्टर नकोच होता, त्यांना तो आकडा फुगवण्यासाठी दिला गेला.

गमवावं लागतं तेही सांगतो. ४४-११ वर मिनिटाला नव्वद फेरे मारले तर ताशी ४७ किलोमीटर वेग यायचा, ३२-११ वर तो ३५ च्या आतच थांबतो. घाट उतरताना पेडल मारायची गरज नसते, पण हायवेवर रोडबाइकवाल्यांच्या मागे धावणाऱ्याला हे जाणवेल. मागच्या चकत्यांमधली अंतरंही मोठी होतात. ४० वरून ४८ वर गेलं की फेऱ्यांची लय वीस टक्क्यांनी बदलते. लांब चढावर चेन तिरकी चालते, त्यामुळे ती थोडी लवकर झिजते. सामान लादून शेकडो किलोमीटरच्या सफरीवर जाणाऱ्याने थ्री-बाय ठेवावी, ती त्याच्यासाठीच आहे. आणि ज्यांच्या सायकलीला रिव्हेट मारलेल्या चेनरिंग आणि आट्याचं सात चकत्यांचं फ्रीव्हील आहे, त्यांनी क्रँक, मागचं हब, संच असा सगळा खर्च जोडून बघावा. त्या पैशात बहुतेक वेळा त्याहून चांगली जुनी सायकल मिळते.

बाकीच्यांनी दुकानात पाऊल टाकण्याआधी दोन आकडे पाठ करावेत: पुढच्या चेनरिंगचे दाते आणि मागच्या सर्वांत मोठ्या चकतीचे दाते. घाट चढायचा असेल तर पुढचा आकडा मागच्याच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास हवा. बत्तीसला अठ्ठेचाळीस, तीसला शेहेचाळीस. हे दोन्ही आकडे बिलावर लिहून मागा. दुकानदार लिहायला तयार नसेल, किंवा "चढाची सवय होईल" असं म्हणाला, तर सायकल आहे तशी घरी घेऊन या. तुमची जुनी २२ दातांची रिंग त्याच्या अर्धवट कामापेक्षा कितीतरी चांगली आहे.