क्रूझला जरूर जा, पण देवगडचं तिकीटही मागा

मंडळी, सुट्ट्या जवळ आल्या की मला दोन प्रश्न हमखास येतात. "क्रूझ करावी का रे?" आणि "पैसे किती जातात?" सात वेळा करून झालीय, म्हणून विचारतात. तीनदा मुंबई-गोवा, एकदा लक्षद्वीप, दोनदा सिंगापूरहून आणि एकदा इटली-ग्रीस. प्रत्येकाला वेगळं सांगण्यापेक्षा एकदाच लिहितो. पोस्ट मोठी आहे, कारण शेवटी जरा वेगळा मुद्दा मांडायचाय.

आधी सरळ उत्तर. करा, जरूर करा. घरात म्हातारी माणसं आणि लहान मुलं दोन्ही असतील तर यापेक्षा सोपी सुट्टी नाही. बॅगा एकदाच उघडायच्या आणि एकदाच भरायच्या. गुडघे दुखणाऱ्या आईला लिफ्ट आहे, पोरांना पोहायला तलाव आहे, जेवण तयार आहे, आणि कुणी कुणाला "चला, उशीर होतोय" म्हणून ओरडत नाही. फक्त हिशेब समजून जा.

१. जाहिरातीतलं भाडं म्हणजे खरं भाडं नव्हे. माझ्या पहिल्या खेपेला जाहिरातीत माणशी २२ हजार होते. दोघांचे ४४. कर, बंदराचं शुल्क, सेवाशुल्क, बोटीवरचं पाणी-सरबत आणि गोव्यात उतरल्यावरची टॅक्सी धरून घरी येईपर्यंत ७१ झाले. फसवलं असं म्हणणार नाही, सगळं बारीक अक्षरात लिहिलेलं होतं. पण बारीक अक्षर आपण पैसे भरल्यावर वाचतो. तेव्हा बुकिंग करतानाच विचारा, "उतरेपर्यंत एकूण किती?" आणि ते लेखी घ्या.

२. बंदर कुठलं ते नकाशात बघा. "रोम" लिहिलेलं असतं आणि बोट लागते चिविताव्हेकियाला. तिथून रोम ७०-८० किलोमीटर. "क्वालालंपूर" म्हणजे पोर्ट क्लँग. व्हेनिसमध्ये तर २०२१ पासून मोठ्या बोटींना शहरातल्या मुख्य कालव्यातून जायला बंदीच आहे, त्यामुळे काही कंपन्या व्हेनिसच्या नावाखाली रावेनाला उतरवतात आणि पुढे दोन-अडीच तास बस. आपल्याकडेही "गोवा" म्हणजे मुरगाव बंदर. पणजी तिथून तीसेक किलोमीटर. हातात चार-पाच तास असतील तर त्यातले दोन रस्त्यात जातात. आणि एक लक्षात ठेवा, एकट्यादुकट्यासाठी बोट थांबत नाही.

३. सिंगापूरहून निघून परत सिंगापूरलाच उतरायचं असेल तर पुन्हा प्रवेश देणारा व्हिसा लागतो. एजंट सांगेल म्हणून बसू नका, स्वतः तपासा.

४. फोन बोटीवर चढताक्षणी विमान मोडवर. बोटीचा स्वतःचा उपग्रहावरचा टॉवर असतो, फोन आपणहून त्याला चिकटतो आणि बिल घरी आल्यावर कळतं. मला कळलंय.

५. बोट लागते का? काहींना लागते. मधल्या भागातली, खालच्या मजल्यावरची खोली घ्या, तिथे हेलकावे कमी. महागड्या बाल्कनीचा मोह पहिल्या खेपेला टाळा. औषधं, चष्मा आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत ठेवा, मोठी बॅग खोलीत पोचायला संध्याकाळ होते.

६. सुरक्षेच्या कवायतीला दांडी मारू नका. १३ जानेवारी २०१२ ला इटलीच्या किनाऱ्यावर कोस्टा कॉनकॉर्डिया खडकावर आदळली, ३२ माणसं गेली. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर नियम बदलला. आता बोट सुटण्याआधी किंवा सुटल्या सुटल्या ती घ्यावीच लागते. आपली मंडळी तेवढ्यात बुफेची रांग धरतात. पंधरा मिनिटांचं काम असतं, जा.

७. वाढणाऱ्या, खोली आवरणाऱ्या मुलांशी नीट बोला. सहा ते नऊ महिन्यांचं कंत्राट, आठवड्याची सुट्टी नाही, आंतरराष्ट्रीय नियमानेच आठवड्याला ७२ तासांपर्यंत काम चालतं. बोटीवर झेंडा बहुतेक वेळा बहामा, पनामा नाहीतर माल्टाचा, म्हणजे कायदाही तिकडचा. आणि मुलं बघाल तर गोव्याची, मुंबईची, आपल्या कोकणातली. इटलीच्या बोटीवर माझी खोली आवरणारा मुलगा राजापूरचा निघाला. दीड वर्षात गणपतीला घरी गेला नव्हता. टीप द्यायची तर थेट त्याच्या हातात द्या.

इथपर्यंत सल्ला झाला. आता माझा मुद्दा.

तिसऱ्यांदा गोव्याला गेलो तेव्हा अण्णांना, म्हणजे वडिलांना, बरोबर नेलं होतं. वय ८४. लहानपणी ते देवगडहून बोटीनेच मुंबईला आले. तेव्हा कोकणात रस्ता धड नव्हता, रेल्वे तर नव्हतीच. हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला अशी बंदरं घेत बोट जायची. मोठी बोट काठाला लागत नसे, मग पडावातून लोक चढायचे-उतरायचे. सोबत ट्रंक, वळकटी, फणस. डेकवर जागा धरायची आणि उलटी होऊ नये म्हणून तोंडात आवळासुपारी ठेवायची. ते वर्णन आमच्या घरात इतक्यांदा झालंय की मला पाठ आहे.

त्या रात्री नाचगाणं सोडून अण्णा डेकवर कठड्याला धरून उभे. पहाटे चारला उठून पुन्हा तिथेच. मला म्हणाले, "देवगड इला काय रे?" मी म्हटलं, अण्णा, आपण खूप आत समुद्रात आहोत, दीपगृहसुद्धा दिसणार नाही. ते म्हणाले, "मगे ही बोट हय थांबणा नाय?" नाही म्हटलं. जरा वेळ गप्प राहिले आणि म्हणाले, "मगे आमका तिचो उपयोग काय?"

मला तेव्हा हसू आलं होतं. आता येत नाही. कारण प्रश्न बरोबर आहे.

मुंबईत २०२५ मध्ये नवं आंतरराष्ट्रीय क्रूझ टर्मिनल झालं. वर्षाला १० लाख प्रवाशांची क्षमता सांगितली जाते, आणि त्यात मुंबई बंदर प्राधिकरणाचा म्हणजे सार्वजनिक पैसा आहे. टर्मिनल झालं याचा मला आनंदच आहे, मीच त्याचं गिऱ्हाईक आहे. पण त्याच समुद्रातून चाकरमान्याला गावी न्यायला आपण किती पैसा आणि किती डोकं लावलं? २०११ पासून महामार्गाचं चौपदरीकरण चाललंय. गणपतीत दहा-बारा तासांचे अठरा होतात. रेल्वेचं आरक्षण उघडतं आणि मिनिटांत संपतं. बाजूला अख्खा समुद्र मोकळा पडलाय.

जमत नाही असं नाही. नव्वदच्या दशकात मुंबई-गोवा कॅटामरान धावली. २०१८ मध्ये 'आंग्रिया' निघाली. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा रो-रो सुरू झाली आणि आज अलिबागकर तिच्याशिवाय विचार करत नाही. २०२५ च्या गणपतीआधी जयगड आणि विजयदुर्गला रो-रो नेण्याची घोषणा झाली. घोषणेचं स्वागत. पण सणापुरती निघणारी बोट ही सोय नव्हे. एसटीसारखं वेळापत्रक लागलं की ती सोय.

कुणी म्हणेल, समुद्र धोक्याचा. आहेच. १७ जुलै १९४७ ला रेवसला निघालेली 'रामदास' बुडाली, ६०० हून जास्त माणसं गेली. १८ डिसेंबर २०२४ ला घारापुरीला निघालेल्या 'नीलकमल'वर नौदलाची स्पीडबोट आदळली, १५ जीव गेले. म्हणून तर म्हणतो, क्रूझवाल्या पर्यटकाला जी कवायत आणि जे जॅकेट सक्तीचं, ते साध्या लाँचच्या प्रवाशालाही सक्तीचं करा. पाणी दोघांनाही तेवढंच खोल आहे.

दुसरं टोकही नको. "मग क्रूझच मालवणला आणा" म्हणणारेही आहेत. माझा विरोध आहे. दीड-दोन हजार माणसं चार तासांसाठी मालवणात उतरली तर पाणी कुठलं, कचरा कुठे, आणि रापण ओढणाऱ्यांनी जायचं कुठे? जेवण तर ती बोटीवरच करणार, म्हणजे खानावळीलाही फारसं मिळणार नाही. व्हेनिसने हे सोसलं आणि मग तिथे बंदी आली. आपण सोसायच्या आधीच शहाणं व्हावं.

मागणी साधी आहे. पावसाळा सोडून वर्षभर, ठरल्या दिवशी, ठरल्या वेळी सुटणारी बोट. साध्या माणसाला परवडेल असा एक वर्ग. धक्क्यावर सावली, पाणी, स्वच्छतागृह आणि म्हाताऱ्या माणसाला चढता येईल असा उतार. गेल्या मे महिन्यात कोकणातल्या एका धक्क्यावर दोन तास उन्हात उभा होतो, यातलं एकही नव्हतं. आणि बोट लागेल त्या वेळी धक्क्याबाहेर एसटी उभी. नाहीतर बोटीने तीन तास वाचवायचे आणि ते रिक्षा शोधण्यात घालवायचे.

आमदार-खासदार सणाला गावी येतात, बॅनर लावतात. तेव्हा हा प्रश्न विचारा. मी विचारणार आहे.

क्रूझची बुकिंग करणाऱ्यांनी वरचे सात मुद्दे लिहून ठेवा. आणि गोव्याला जाताना पहाटे जाग आली तर डेकवर जाऊन डाव्या हाताला बघा. दिसणार काही नाही. पण तिकडे आपली बंदरं आहेत.