अर्धा व्हॉल्टेअर चालणार नाही

‘हे फिरंगी लेखक वाचून ईमान कमजोर होतं.’ साताऱ्यात, सांगलीत, मिरजेत तरुण मुलामुलींशी बोलताना हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. कधी मोहल्ल्यातले बुजुर्ग ते बोललेले असतात, कधी मोबाइलवरचा एखादा वक्ता. माझा सवाल असा : हे लेखक त्यांच्या स्वतःच्या मुलखात तरी धर्माच्या ठेकेदारांना कुठे गोड वाटले होते?

मोलिएरने १६६४ मध्ये ‘तार्त्युफ’ हे नाटक रंगमंचावर आणलं. धार्मिकतेचा आव आणून दुसऱ्याचं घर गिळणाऱ्या ढोंग्याची ती गोष्ट. धर्ममार्तंडांनी ते बंद पाडलं. बंदी उठायला १६६९ उजाडलं. इब्सेनच्या नोराने १८७९ मध्ये नवऱ्याचं घर सोडलं, तेव्हा युरोपातली सभ्य मंडळी इतकी खवळली, की जर्मनीतल्या प्रयोगासाठी शेवट बदलावा लागला. ‘धर्म बुडाला, घरं मोडली’ ही ओरड तिथेही तीच होती.

आपल्या मुलखाने तर हे साहित्य केव्हाच घरात घेतलं आहे. कराडजवळच्या टेंभूचे आगरकर यांनी ‘हॅम्लेट’ मराठीत आणलं, मिल आणि स्पेन्सर वाचून स्वतःच्याच समाजाच्या रूढींवर घाव घातले. सनातन्यांनी त्यांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. सांगलीशेजारच्या हरिपूरचे देवल यांनी ‘ऑथेल्लो’चं ‘झुंझारराव’ केलं, मोलिएरच्या प्रहसनातून ‘संशयकल्लोळ’ उभं केलं आणि १८९९ मध्ये ‘शारदा’ लिहून म्हाताऱ्या नवरदेवांना चव्हाट्यावर आणलं. वाटेगावच्या अण्णाभाऊ साठेंनी शाळा जेमतेम पाहिली, पण गॉर्कीला आपलं मानलं.

आणि देवाणघेवाण एकतर्फी नव्हती. अंदालुसियातल्या इब्न रुश्द यांचे ग्रंथ पॅरिसच्या विद्यापीठात वाचले जात. तिथल्या बिशपने १२७७ मध्ये त्या वळणाच्या विचारांवर बंदी घातली, तरी वाचणारे वाचत राहिले.

आता आपल्या जिवाशी भिडणारी गोष्ट. फ्रान्समधलं तुलूज शहर, १७६१-६२. ज्याँ कालास हा अल्पसंख्य प्रोटेस्टंट पंथाचा कापडव्यापारी. त्याचा मुलगा मेला. मुलगा कॅथलिक होणार होता म्हणून बापानेच त्याला मारलं, अशी आवई जमावाने उठवली. न्यायालयाने बापाला हालहाल करून ठार केलं. व्हॉल्टेअर कालासच्या पंथाचा नव्हता, तरी तो लढला, सहिष्णुतेवर पुस्तक लिहिलं आणि १७६५ मध्ये कालास निर्दोष ठरला. सप्टेंबर २०२३ मध्ये आपल्या जिल्ह्यात पुसेसावळीला, समाजमाध्यमावरच्या पोस्टवरून उसळलेल्या हिंसाचारात एका मुस्लिम तरुणाचा बळी गेला. जमावाविरुद्ध कायद्याची आणि माणुसकीची भाषा कशी वापरायची, हे आपण कालासच्या प्रकरणातून नाही शिकायचं, तर कशातून?

याच व्हॉल्टेअरने प्रेषितांविषयी पूर्वग्रहाने भरलेलं नाटकही लिहिलं. त्याचा प्रतिवाद जरूर करू, पण वाचून करू.

मात्र एक अट आहे. कालासची गोष्ट ऐकून टाळ्या वाजवायच्या आणि ‘तार्त्युफ’ निघाला की मान खाली घालायची, हे जमणार नाही. सरकारकडे, शेजाऱ्याकडे न्याय मागताना आपल्या घरातल्या मुलीला तो नाकारता येत नाही. १८ एप्रिल १९६६ रोजी हमीद दलवाईंनी मुंबईत सात मुस्लिम महिलांचा मोर्चा काढला. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. नोरा तरी वेगळं काय मागत होती? माणूस म्हणून जगू द्या, एवढंच.

दोस्तांनो, गावातल्या वाचनालयात जा. बहिणीलाही सोबत न्या. वाचा, वाद घाला, पटलं नाही तर लिहून खोडून काढा. आणि न वाचताच पुस्तक हराम ठरवणारा कुणी भेटला, तर अदबीने एवढंच विचारा : कोणतं पान, चाचा?